सहभागी क्रमांक चार

दिवाळी उलटली की डहाणूजवळच्या आमच्या आगरला दोन तऱ्हेचे पाहुणे येऊ लागतात. पहिले शनिवारी दुपारी येतात, सुरूच्या झाडांखाली गाडी लावतात, समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि रविवारी संध्याकाळी चिकूची पेटी डिकीत टाकून मुंबईला परततात. यांचा कुणाला त्रास नाही. दुसरे येतात लोकलने. अंगात खादीचा कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बिनरेघांची महागडी वही. रिक्षावाल्याला हे भाडं विचारत नाहीत. "तुम्ही रोज या रस्त्याने जाता, तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटतं?" असं विचारतात. हे डिझाइनचे संशोधक.

डहाणू रोड स्टेशनच्या रिक्षावाल्यांना आता त्यांची सवय झाली आहे. पिशवी बघूनच ते हाक मारतात, "वारली का?" एकदा समोरचा पोरगा गोंधळून म्हणाला, "नाही हो, मी देशपांडे."

त्यांचं येणं समजण्यासारखं आहे. भिंतीवरच्या तांदळाच्या पिठाच्या रेषांना कागद मिळाला तो 1970च्या दशकाच्या सुरुवातीला, भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीने. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देऊन आलेले हे गृहस्थ. इथे त्यांची गाठ पडली जिव्या सोमा म्हसे यांच्याशी. म्हसे 1934 साली तलासरीतल्या धामणगावात जन्मले आणि आयुष्यभर राहिले गंजाडला. लग्नाचा चौक काढणं तोवर सवाशिणींचं काम. कुणाचं लग्न नाही, कार्य नाही, तरी एक पुरुष माणूस रोज उठून चित्रं काढतो, हे पाड्यालाही नवीनच होतं. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018च्या मे महिन्यात ते गेले. यशोधरा दालमिया यांचं वारली चित्रांवरचं इंग्रजी पुस्तक 1988चं. 2014 साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 साली घोलवडच्या चिकूला. सरकारदरबारी चित्र आणि चिकू एकाच रांगेत बसले. फरक इतकाच, की चिकूवर संशोधन करणारा निदान एखादा चिकू खाऊन बघतो.

एवढं सगळं होऊनही प्रत्येक नव्या पेपरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: या विषयाकडे अभ्यासकांचं आजवर फारसं लक्ष गेलेलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे पोचतो आणि काम झाल्यावर प्रबंधाची एक प्रत सप्रेम भेट म्हणून धाडतो. लक्ष न गेलेल्या या विषयाने माझ्या कपाटाचा खालचा खण भरला, मग मधला भरला. आता कुणी नवीन आलं की आमची ही आधी विचारते, "पुस्तक जाड होणार आहे का?"

मी सगळ्यांना जीव तोडून सांगतो, बाबांनो, फुग्यांवर लिहा. डहाणूचे फुगे देशभर जातात. साचा रबराच्या चिकात बुडवून काढायचा, तोंडाला वळ द्यायचा, पोटाकडे पातळ पण फुटणार नाही इतपत जाडी राखायची, आणि हे सगळं विकायचं अशा गिऱ्हाइकाला जे वस्तू घेतल्याबरोबर तिचा जीव घेतं. यापेक्षा अवघड डिझाइन कुठलं? नाहीतर चिंचणी-वाणगावकडे जा. तिथे माणसं घरात बसून पोलादात दागिन्यांचे डाय कोरतात. फुलाची पाकळी उलटी कोरायची, खोलगट कोरायची, म्हणजे पत्र्यावर ठोकल्यावर ती सुलटी आणि उठावदार येते. एका मुलीला मी हे फार रंगून सांगितलं. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाली, "इंटरेस्टिंग आहे सर, पण व्हिज्युअली स्ट्राँग नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गंजाडला गेली.

दुसऱ्यांच्या पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण माझी सख्खी भाचीही त्यातलीच. पुण्यात एका डिझाइन कॉलेजात शिकवते. शिकवते फार सुरेख. पण नुसतं चांगलं शिकवून पोट भरत असलं तरी बढती मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली शिक्षकांच्या कामाला गुण द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून घरोघरची विद्वान मंडळी क्रिकेटच्या धावफलकासारखी आपापले गुण मोजू लागली. 2016च्या नियमात पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर छापून आणायची अट होती. 2022 साली ती काढून टाकली. पण तोवर भाचीला पेपरचं व्यसन लागलेलं होतं, आणि बढतीच्या फॉर्मवरचे रकाने काही कुणी काढले नव्हते.

तिचा विषय: वारली चित्रांतली अवकाशाची मांडणी आणि तिचा माहितीच्या आराखड्यांसाठी उपयोग. म्हणजे तारपा नाचाच्या चित्रात जशी माणसं वेटोळ्यात बसवतात, तशी इस्पितळाच्या नकाशात खोल्या बसवता येतील का. विषय वाईट नव्हता. तिच्याबरोबर मी पाड्यावर गेलो ते एका जुन्या ओळखीच्या चित्रकाराकडे. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण त्यांची अट अशी आहे की नाव छापायचं तर चित्रही छापायचं, आणि चित्राचे पैसे वेगळे.

ओटीवर कापड पसरलेलं होतं, गेरूने माखून वाळवलेलं. वाटीत पांढरा रंग आणि हातात बांबूची टोक चेचलेली काडी. गृहस्थ माणसं काढत होते: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर डोकं, खाली पाय. एक माणूस उभा करायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझ्या चश्म्याची काचही पुसून होत नाही. भाचीने पिशवीतून संमतिपत्र काढलं. सहा पानी, इंग्रजीत. तिच्या कॉलेजच्या नैतिकता समितीने मंजूर केलेलं. ती एकेक कलम मराठीत समजावून सांगू लागली. तुम्ही कधीही यातून बाहेर पडू शकता. (मान डोलावली.) तुम्हाला कुठलीही शारीरिक इजा होणार नाही. (काडी थांबली, माझ्याकडे पाहिलं.) आणि तुमचं नाव कुठेही उघड होणार नाही, याची आम्ही हमी देतो.

"का?" ते म्हणाले. "मी काय केलंय?"

भाचीने सांगितलं की ही संशोधनाची रीत आहे, त्यात तुमचंच संरक्षण आहे. ते उठले आणि आतून एक पुरं झालेलं चित्र घेऊन आले. उजव्या कोपऱ्यात त्यांनी स्वच्छ अक्षरांत नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि मोबाइल नंबर घातला होता. "ताई, हे मी मुद्दाम लिहितो," ते म्हणाले. "लोकांना कळलं पाहिजे ना कुणी काढलं ते." रोग्यांवर औषधांचे प्रयोग होतात तेव्हा त्यांची नावं झाकायची, हा शहाणपणाचा नियम. तोच कागद पुढच्या टेबलावरून चित्रकारांपर्यंत आला आणि वाटेत कुणी वाचून पाहिला नाही. भाचीचा नाइलाज होता. वहीत तिने लिहिलं: सहभागी क्रमांक चार.

"एक, दोन, तीन कोण?" त्यांनी विचारलं.

"एक तुमचा भाऊ," भाची म्हणाली.

"तो माझ्याआधी?"

तेवढ्यावरून तो दिवस वाया जायची वेळ आली होती. चहा झाला, मग मिटलं.

पेपर लिहून झाला तेव्हा झाकाझाकीचा दुसरा अंक सुरू झाला. चांगल्या नियतकालिकात लेख तपासणाऱ्याला लेखक कळत नाही आणि लेखकाला तपासणारा कळत नाही. दोन्हीकडून बुरखा. भाचीने स्वतःचं नाव काढलं, कॉलेजचं काढलं, स्वतःच्या जुन्या लेखाचा उल्लेख 'लेखक, 2021' असा केला. मग लक्षात आलं की आकृती क्रमांक तीनमध्ये, म्हणजे त्या चित्राच्या फोटोत, उजव्या कोपऱ्यात नाव-गाव-मोबाइलसकट सगळं वाचता येतंय. तिने संगणकावर तो कोपरा पुसला. इतका सफाईने पुसला की तिथे गेरूचा लाल रंगसुद्धा पुन्हा भरून आला. "मामा, बघ, कळतं का?" मी म्हटलं, "नाही कळत." चित्रकला शिक्षक म्हणून मला कौतुकच वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी अभिप्राय आले. पहिल्या तपासनिसाने दोन ओळी लिहिल्या होत्या: लेख छान आहे, स्वल्पविराम बघा. दुसऱ्याची दोन पानं. जगात कुठेही जा, पहिला तपासनीस शेजारच्या काकूंसारखा आणि दुसरा सासरच्या आत्याबाईंसारखा, अशीच ही जोडी असते म्हणे. चारच चित्रकार का घेतले? तांदळाचं पीठच का, याची वैज्ञानिक पडताळणी झाली आहे का? निष्कर्ष लॅटिन अमेरिकेला लागू होतील का? शेवटी एक सूचना, की पुढील सहा महत्त्वाच्या लेखांचा संदर्भ दिल्यास लेखाला खोली येईल. सहाही लेख एकाच माणसाचे. बुरखा होता, पण खालून चपला दिसत होत्या.

मला राहून राहून एका जुन्या अहवालाची आठवण येत होती. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे फिरलं आणि 1958 साली त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला. त्यातून 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालातला सगळ्यात गाजलेला भाग कशावर? लोट्यावर. आपल्या विहिरीवरच्या लोट्यावर. त्यात पाणी किती मावावं, बाईच्या हाताला तो केवढा पेलवावा, डोक्यावर नेताना कसा आणि कमरेवर नेताना कसा तोलावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला किती सोपा असावा, आणि कशावर आपटला तर आवाज कसा यावा, असे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ एक मांडले. मग म्हणाले की हा लोटा कुणा एका माणसाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्पिढ्यांनी केला आहे. देशातल्या डिझाइन शिक्षणाचा पाया ज्यावर घातला गेला तो हा कागद दुसऱ्या तपासनिसाकडे गेला असता तर? लोटे एकूण किती तपासले? आवाज किती डेसिबल? पिढ्यान्पिढ्या म्हणजे नेमक्या किती, संदर्भ द्यावा. शिवाय अहवालाची सुरुवात गीतेतल्या उताऱ्याने होते. तपासनिसाला ते अवांतर वाटलं असतं. मला मात्र आज ते अगदी चपखल वाटतं. फळाची अपेक्षा न धरता लिहीत राहण्याचा उपदेश पेपर लिहिणाऱ्यांना जितका लागू पडतो तितका रणांगणावरच्या माणसालाही पडला नसेल.

या शास्त्राची मूळ अडचण अशी आहे की संशोधन कशाला म्हणायचं हेच त्यात अजून भांडून ठरतंय. रसायनवाल्याने नवा रेणू शोधला तर तो शोध. सुताराने नवी खुर्ची केली तर ती खुर्ची. मग खुर्चीवर लिहिलेला लेख संशोधन की खुर्ची हेच संशोधन? 1993 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी याची तीन भागांत वाटणी करून दिली: कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन आणि कलेतून संशोधन. तेव्हापासून डिझाइनवर लिहिणारे बहुतेक जण या वाटणीला नमस्कार घालूनच पुढे जातात. गंमत म्हणजे तो निबंध आला कॉलेजच्या स्वतःच्या मालिकेत, तिच्या पहिल्याच अंकात. भाचीने आज तसा घरचा अंक दाखवला तर गुण मिळतील की समज मिळेल, हे तिच्या कॉलेजच्या कचेरीत विचारायची माझी छाती नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पवईच्या आयआयटीत 1969 साली औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं. जर्मनीतल्या उल्मला शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीत होते. पुढे तिथे र. कृ. जोशी शिकवायला आले. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचा. तलाठ्याचा दाखला, शासन निर्णय, शाळेचं परिपत्रक, सोसायटीची थकबाकीची नोटीस, सगळं गेली कित्येक वर्षं 'मंगल'मध्ये लोकांच्या डोळ्यांपुढे येतंय. एखाद्या विद्वानाचा निबंध जगात पन्नास जणांनी वाचला तर तो पेढे वाटतो. जोशी सरांचं काम न वाचता या राज्यात मेलेल्या माणसाचा दाखलासुद्धा निघत नाही. पण त्याला सायटेशन म्हणत नाहीत.

मधल्या काळात भाचीच्या इनबॉक्समध्ये दुसरीच वरात येत होती. "परमआदरणीय डॉक्टर, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावून गेलो आहोत." भारावून गेलेलं नियतकालिक दंतवैद्यकाचं असायचं, कधी मत्स्यशेतीचं. चार दिवसांत तपासणी, आठ दिवसांत छपाई, प्रमाणपत्र घरपोच. कुणाच्या तरी यादीतून माझाही पत्ता गेला आणि मलाही सिंगापूरच्या परिषदेत मुख्य भाषण द्यायचं निमंत्रण आलं, विमानभाडं आणि नोंदणी माझ्या खर्चाने. आमची ही म्हणाली, "जा की. निदान फणसाचे गरे घेऊन जा." या धंद्याची परीक्षा 2014 साली परस्परच झाली होती. आपल्याला असल्या मेल पाठवणं थांबवा, एवढं एकच सात शब्दी वाक्य, त्यात एक सणसणीत इंग्रजी शिवी, पानामागून पान तेच छापून दोघा अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी पूर्वी गंमत म्हणून एक निबंध तयार केला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका प्राध्यापकाने तो असल्याच एका नियतकालिकाला पाठवून दिला. तिथून उत्तर आलं: दर्जा उत्कृष्ट, 150 डॉलर भरा. आपल्या आयोगाने 2018च्या मे महिन्यात मान्य यादीतून 4,305 नियतकालिकं एका झटक्यात काढून टाकली. मग चाळून-निवडून 'केअर' नावाची नवी यादी केली, आणि 2025च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद केली. आता प्रत्येक संस्थेने आपापलं बघून घ्यायचं.

मग थोरामोठ्यांच्या दारी जावं, तर तिथलीही कथा निराळी नाही. 1966 साली इंग्लंडात डिझाइन रिसर्च सोसायटी स्थापन झाली. 1979 पासून तिच्या साथीने 'डिझाइन स्टडीज' निघू लागलं. या विषयातलं पंढरपूर म्हणा ना. लेखक फुकट लिहायचे, तपासनीस फुकट तपासायचे, ग्रंथालयं पैसे भरून विकत घ्यायची आणि छापायची एल्सव्हियर ही बडी कंपनी. 2023 साली कंपनीने ठरवलं की लेख खूपच कमी निघतात, कित्येक पटींनी वाढवा. आणि सोसायटीचं मत डावलून मुख्य संपादकच बदलला. संपादक मंडळाने राजीनामे दिले, सोसायटीने काडीमोड घेतला. डिझाइनच्या लोकांना वापरणाऱ्याचा विचार आधी करायला शिकवतात. आपणच वापरले जातोय हे इतक्या उशिरा कळावं, याचं नवल वाटतं.

असो. भाचीचा लेख स्वीकारला गेला, दुसऱ्याच एका परदेशी नियतकालिकात. तपासनिसाच्या सहा लेखांपैकी चारांचा संदर्भ देऊन तडजोड झाली. त्यानंतर प्रश्न आला की लेख सगळ्यांसाठी खुला ठेवायचा की कुलपात. खुला ठेवायचा तर लेखकाने पैसे भरायचे, काही हजार डॉलर. 'नेचर'ने 2020 साली आपला दर साडेनऊ हजार युरो असा जाहीर केला होता, त्या मानाने ही जत्रेतली गाडी. तरी माझ्या वाडीतल्या चिकूच्या भावाने हिशेब केला तेव्हा आमच्या हिने कॅल्क्युलेटर काढून घेतला. भाचीने कुलूप निवडलं. म्हणजे तिने लिहिलेला लेख कुणाला वाचायचा असेल तर तीसचाळीस डॉलर मोजायचे, तेही काही तासांसाठी. सरकारने यावर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' काढलं आहे खरं: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं, आणि सहा हजारांवर सरकारी संस्थांना मोफत. त्यात भाचीचं खाजगी कॉलेज नाही. आमचा पाडाही नाही, हे वेगळं सांगायला नको.

लेखाच्या शेवटी आभार होते. "स्थानिक समुदायाने केलेल्या आदरातिथ्याबद्दल लेखिका ऋणी आहे." हिने चश्मा लावून ते वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. "स्थानिक समुदाय म्हणजे मी?"

"हो."

"तीन पावसाळे या पोरीला सोड्यांची खिचडी घातली आणि मी समुदाय!"

प्रत दाखवायला आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा घट बसले होते आणि भात पिवळं पडायला लागलं होतं. सहभागी क्रमांक चार ओटीवरच होते. भाचीने छापलेली पानं त्यांच्या पुढ्यात ठेवली. सगळं इंग्रजी त्यांनी भराभर उलटलं आणि आकृती क्रमांक तीनवर बोट ठेवलं. सगळं चित्र सोडून थेट उजव्या कोपऱ्यात.

"इथे माझं नाव होतं."

भाचीने नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पान उलटलं. पुढे आकृती क्रमांक चार होती, भाचीने स्वतः संगणकावर काढलेली: तारप्याचं वेटोळं, बाण, अंश, मधोमध तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणाऱ्यांची आखीव रांग. लेखातली हीच आकृती तपासनिसांना सगळ्यात जास्त आवडली होती. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मग हसू लागले. आतून बायकोला बोलावलं, तिने पाहिलं, तीही हसली. शेजारच्या घरातून एक पोरगं आलं, ते तर ओटीवरून खाली बसलं.

"ताई, यांची पाठ आहे तारप्याला," ते म्हणाले. "नाचताना तारप्याला पाठ नाही करत कुणी. तुमचे सगळे बाहेर बघून नाचतायत. घरी निघालेत जणू."

दोन तपासनीस, एक संपादक, एक सहसंपादक, भाषा सुधारणारी एक संस्था, आणि मी, तीस वर्षं चित्रकला शिकवलेला. कुणाच्याच डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. भाची प्रामाणिक आहे. त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून तिने संपादकांना कळवलं की आकृती चुकली आहे, शुद्धिपत्र छापा. संपादकांचं उत्तर आलं की दुरुस्ती गंभीर स्वरूपाची असल्याने ती तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागेल. योग्य तज्ज्ञ सुचवावा. भाचीने सहभागी क्रमांक चारचं नाव सुचवलं. या खेपेला खरं नाव, कारण तज्ज्ञाचं नाव संपादकांना लागतंच.

फॉर्ममध्ये पदवी विचारली होती, संस्था विचारली होती, संस्थेचा ईमेल, छापून आलेल्या लेखांची संख्या. संस्थेच्या जागी पाड्याचं नाव घातलं. पुतण्याचा जीमेलचा पत्ता दिला तर फॉर्म तांबडा झाला. संस्थेचाच पत्ता हवा. मग भाचीने संपादकांना लांबलचक पत्र लिहून समजावलं, आणि तो माणूस सज्जन निघाला, त्याने हाताने मान्यता दिली. पुतण्याच्या मोबाइलवर निमंत्रण आलं. सुरुवात 'आदरणीय प्राध्यापक' अशी.

भाचीने ते वाचून दाखवलं.

"किती दिवसांत करायचं?"

"एकवीस."

"पैसे?"

"नसतात."

त्यांनी समोरच्या शेताकडे पाहिलं. "भातकापणी झाल्यावर बघतो, सांग त्यांना."

मुदतवाढीचं कारण लिहायला फॉर्ममध्ये एक चौकट होती. भाचीने त्यात तेच इंग्रजीत लिहिलं. रात्रीच उत्तर आलं. विनंती मान्य होती, आणि इतक्या तत्परतेने कळवणारे तपासनीस अलीकडे दुर्मिळ झाल्याबद्दल संपादकांनी खेद व्यक्त केला होता. सोबत तपासायला आणखी दोन लेख जोडले होते, एक डेन्मार्कच्या खुर्च्यांवरचा आणि दुसरा वारली चित्रांवरचा. दुसऱ्याचं पहिलं वाक्य असं होतं की या विषयाकडे अभ्यासकांचं आजवर फारसं लक्ष गेलेलं नाही.